इंग्लंडमधल्या जुन्या चर्चमधलं लाकूडकाम: एवढ्या तोडफोडीतून वाचलं कसं?

मेघना_सफोककर

नमस्कार मंडळी. विषय जरा लांबचा आहे, पण इथे सुतारकाम कळणारे, इतिहास वाचणारे आणि खोचक प्रश्न विचारणारे असे तिन्ही प्रकारचे लोक आहेत, म्हणून विचारते.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ, सफोकमध्ये ब्लाइथबरा नावाचं गाव आहे. गाव म्हणजे चार घरं, एक पब, बाजूला नदी आणि दलदल. आणि मधोमध पंधराव्या शतकातलं हे एवढं मोठं होली ट्रिनिटी चर्च. आत गेल्यावर मान वर होते ती खाली येतच नाही. छपराच्या मधल्या तुळयांवर पंख पसरलेले लाकडी देवदूत बसवलेत. जुना रंगही पुसट दिसतो. खाली बसायच्या बाकांच्या टोकांवर बोटभर नाही, चांगल्या वीतभर उंचीच्या कोरीव आकृत्या: एक अंथरुणात उठून बसलेला आळशी, एक ढेरपोट्या खादाड, एक पैशाच्या पेटीवर बसलेला कंजूष. माणसाची सात पापं म्हणे.

आता शंका. सोळाव्या-सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं फोडली, जाळली असं आपण वाचतो. मग हे कसं राहिलं? आणि दुसरं, पापी माणसांची चित्रं देवाच्या दारात, तीही लोक बसतात तिथे कशाला? आसपास आणखी काय बघावं तेही सांगा.

टवाळ_टोपी

खादाड कोरलेला बाक म्हणजे राखीव जागा दिसते. माझं नाव लिहून ठेवा.

रंधा_मास्तर

मेघनाताई, फोटो टाका की. शब्दांवर किती दिवस भागवायचं?

तोवर लाकडाबद्दल. हे सगळं काम ओकचं. आपल्याकडे सागवान वर्षानुवर्षं सुकवून घ्यायची पद्धत, तिकडे छपरासाठी ओक बहुतेक ओलाच वापरत. ओला ओक कापायला, तासायला मऊ लागतो; वाळला की लोखंडासारखा, पटाशीची धार उतरवतो. मग जोड कसे टिकतात? कुसू आणि खाच करायची, त्यातून आरपार भोक पाडून लाकडी खुंटी ठोकायची. लाकूड वाळताना आकसतं तसा जोड आवळत जातो. खिळे जवळजवळ नाहीतच. सगळी चौकट आधी जमिनीवर जुळवून बघायची, प्रत्येक जोडावर खूण खोदायची, बहुधा रोमन आकड्यांसारखी, मग सुटी करून वर चढवायची आणि खुणेला खूण लावत ठोकायची. जुन्या छपरांत या खुणा अजून सापडतात.

लोकांची जागा आणि वेदी यांच्यामधला लाकडी आडोसा, ज्याला पडदा म्हणतात, त्याच्या फळ्या आणि बारीक कामासाठी मात्र करवतीपेक्षा फाडलेलं लाकूड बरं. गाभ्याकडून पाचर मारून फाडलं की फळी वाकत नाही. असा सरळ रेषांचा ओक बाल्टिक समुद्राकडून जहाजाने यायचा. सफोक-नॉरफोकची बंदरं त्याच वाटेवर. म्हणजे इंग्लंडच्या खेड्यातल्या चर्चची फळी पोलंडकडच्या जंगलातली असू शकते.

इतिहासाची_वही

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका दमात देता येत नाही, कारण तोडफोड एकदा झाली नाही. किमान तीन लाटा आहेत.

पहिली, प्रोटेस्टंट राजा सहाव्या एडवर्डच्या काळात, १५४७-४८. मूर्ती काढा, चित्रं पुसा. तेव्हा प्रत्येक पॅरिश चर्चमध्ये, म्हणजे गावच्या चर्चमध्ये, लोकांची बसायची जागा आणि वेदीचा भाग यांच्यामध्ये एक लाकडी पडदा असे. त्याच्या वर सज्जा, आणि सज्ज्यावर क्रूसावरचा येशू, एका बाजूला मेरी, दुसऱ्या बाजूला जॉन. हे तिघे सर्वात आधी गेले. मधे कॅथलिक मेरी राणीच्या राज्यात पुन्हा उभारले गेले, पुन्हा पाडले. मग दुसरी लाट, १५६१ मध्ये एलिझाबेथच्या सरकारचा हुकूम: सज्जा काढा, पण खालचा पडदा राहू द्या. वेदीचा भाग वेगळा दिसायला हवा होता ना. म्हणूनच आज नॉरफोक, सफोक आणि डेव्हनमध्ये एवढे पडदे उभे दिसतात. त्या काळच्या कुणी कलाप्रेमाने ते ठेवले नाहीत, सरकारी हुकमाने ठेवले.

तिसरी लाट राजा विरुद्ध पार्लमेंट अशा यादवी युद्धातली. ऑगस्ट १६४३ मध्ये चर्चमधल्या मूर्ती-चित्रं काढायचा पार्लमेंटचा वटहुकूम निघाला आणि लॅक्सफील्ड गावचा विल्यम डाउझिंग नावाचा शेतकरी गृहस्थ सफोक आणि केंब्रिजशरमध्ये अधिकारपत्र घेऊन फिरला. अडीचशेच्या वर चर्चं. आणि हा माणूस रोजनिशी लिहायचा! अमुक गावात इतकी चित्रं फोडली, तमुक गावात देवदूत उतरवायला सांगितले. ब्लाइथबराला तो ९ एप्रिल १६४४ रोजी आला. देवदूत उतरवायचा आदेश दिल्याची नोंद आहे. देवदूत मात्र अजून वरच आहेत.

शंकासुर

म्हणजे आदेश दिला आणि काम झालं नाही. हे वाचून परकं काही वाटलं नाही हो वहीकाका.

मुळा_काठ

त्या देवदूतांना डाउझिंगच्या सैनिकांनी गोळ्या घातल्या असं वाचलंय. लाकडात शिशाचे छर्रे सापडले म्हणे.

इतिहासाची_वही

छर्रे खरे आहेत, गोष्ट बरोबर नाही. अठराव्या शतकात छपरात जॅकडॉ नावाच्या, कावळ्याच्या कुळातल्या पक्ष्यांनी घरटी करून उच्छाद मांडला होता. ते मारायला चर्चनेच माणसं लावली आणि पैसे दिले. छर्रे त्यातले. पण "प्युरिटन (कट्टर प्रोटेस्टंट) सैनिकांनी देवदूतांवर बंदुका झाडल्या" ही गोष्ट सांगायला जास्त बरी, त्यामुळे ती चालू राहिली.

काम न होण्याचं कारण बरंचसं व्यावहारिक असावं. डाउझिंग एका दिवसात दोन-चार गावं उरकायचा. हाताला येतं ते फोडायचा, उंचावरचं गावकऱ्यांवर सोपवायचा. छपराला पोचायचं तर परांची बांधा, सुतार आणा, मजुरी द्या. तो खर्च चर्चवॉर्डनच्या, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या गावकऱ्यांच्या अंगावर. वर अनेक ठिकाणी डाउझिंग स्वतःची फीही घ्यायचा, ६ शिलिंग ८ पेन्स.

टवाळ_टोपी

तुमच्याच घरातलं फोडायचं आणि तुमच्याकडूनच फी घ्यायची. हा माणूस आज असता तर सल्लागार कंपनी काढली असती.

शंकासुर

थोडी उलट बाजू. आपण सगळे डाउझिंगला रानटी म्हणून मोकळे होतोय. त्याच्या दृष्टीने दहा आज्ञांमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की कोरीव मूर्ती करू नका. तो लुटारू नव्हता, सोनं खिशात घालत नव्हता. नोंदी ठेवत होता. आज त्याच्याच नोंदींवरून आपल्याला कळतंय की कुठे काय होतं. कलेचं नुकसान झालं हे मान्यच, पण त्याला वेडा ठरवून इतिहास कळत नाही.

मेघना_सफोककर

शंकासुर, मुद्दा पटतो, पण पडद्यावरच्या संतांचे डोळे खरवडलेले बघितलेत का तुम्ही? साउथवोल्डच्या चर्चमध्ये आहेत. सोन्याचा मुलामा तसाच, कपड्यांवरची वेलबुट्टी तशीच, आणि चेहरा तेवढा ओरबाडलेला. नोंदवही ठेवणाऱ्याचा हात असा चालत नाही. ते बघून मला राग आला, खरं सांगते.

नॉरिचकर

इथे नॉरफोकमध्ये बरीच वर्षं आहे, म्हणून दोन शब्द.

साउथवोल्ड बघितलंत ते छान, पण पडदा बघायचा तर रॅनवर्थ. ब्रॉड्सच्या पाणथळ भागात सेंट हेलनचं चर्च आहे. पंधराव्या शतकातला रंगवलेला पडदा, खाली येशूचे बारा शिष्य, म्हणजे प्रेषित, रांगेत, बाजूला संत मायकेल आणि संत जॉर्ज राक्षसांशी झुंजताना. ओकवर खडूचा लेप, त्यावर तेलाचे रंग, त्यावर सोनं. कापडावरचे नमुने बघून थक्क व्हायला होतं, कारण ते रंगवणाऱ्यांनी त्या काळच्या उंची रेशमी कापडाचीच नक्कल केलीय. तिथेच गायकाचं दुहेरी लाकडी मेजही आहे, रंगवलेलं, मध्ययुगातलं. अशी फार थोडी उरलीत.

आणि हे सगळं कुणी राजाने किंवा बिशपने दिलं असं समजू नका. या भागात लोकर आणि कापडाच्या धंद्याचा पैसा होता. लोक मृत्युपत्रात लिहून ठेवत: पडद्याच्या रंगासाठी इतके शिलिंग. कुणी एक चौकट दिली, कुणी दोन. म्हणून काही पडद्यांवर शेजारशेजारच्या चौकटी वेगळ्या हातांच्या दिसतात. पैसे आले तसं काम पुढे गेलं. कॉस्टन गावच्या चर्चमध्ये तर नांगराचं भलं होवो अशी विनवणी कोरलेला लाकडी सज्जा आहे. शेतकऱ्यांच्या मंडळाचा.

सुगरण_साधना

वाचतेय. माझ्यासारखीला काही कळत नसताना पण छान वाटतंय. एक विचारू? लोक मुळात बाकांवर बसायचे का? जुन्या चित्रांत उभे दिसतात.

इतिहासाची_वही

साधनाताई, फार नेमका प्रश्न. सुरुवातीला बहुतेक लोक उभेच असत, गुडघे टेकत. भिंतीला लागून दगडी कट्टा असे, म्हातारे-आजारी तिथे टेकत. बाक मोठ्या प्रमाणात आले ते चौदाव्या-पंधराव्या शतकात. आणि मेघनाताईंच्या मूळ प्रश्नाचं एक उत्तर इथेच दडलंय असं माझं मत आहे. नव्या प्रोटेस्टंट पंथात प्रवचनं तासतासभर चालू लागली. बसायला तर हवं! मूर्ती निरुपयोगी ठरल्या, बाक उलट जास्त गरजेचे झाले. बाकावरचा आळशी वाचला, कारण त्याच्या मागे लोक बसले होते.

डिंक_आणि_धूळ

वहीकाकांशी सहमत, एक भर घालते. मी जुन्या लाकडी वस्तूंच्या जतनाचं काम करते, मिडलंड्समध्ये.

ब्लाइथबरा टिकलं त्यामागे गरिबीही आहे. नदी गाळाने भरत गेली, बंदर संपलं, पैसा आटला. ४ ऑगस्ट १५७७ च्या वादळात मनोऱ्याचं टोक छप्पर फोडून आत कोसळलं, एक माणूस आणि एक मुलगा मेला. (उत्तरेच्या दारावरचे जळके डाग त्या दिवशी आलेल्या काळ्या भुताळी कुत्र्याच्या पंजाचे, अशी दंतकथा. दार आजही दाखवतात.) पुढे तीनशे वर्षं नीट दुरुस्ती नाही. १८८१ मध्ये बिशपने इमारत धोकादायक म्हणून बंदच केली. पैसा असता तर एकोणिसाव्या शतकात सगळं उपटून चकचकीत नवं केलं असतं, जसं कित्येक श्रीमंत गावांत झालं. विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणाची संस्था काढली ती याच "सुधारणे"च्या धास्तीने, आणि ब्लाइथबराच्या दुरुस्तीवरून त्या लोकांचा स्थानिक पाद्रीशी चांगलाच वाद झाला होता.

आमच्या धंद्यात सगळे दबक्या आवाजात कबूल करतात की डाउझिंगपेक्षा व्हिक्टोरियन दुरुस्तीने जास्त लाकूड संपवलं.

रंधा_मास्तर

आणि किडा? ओकला वाळवी नसेल लागत, पण काहीतरी खातच असणार.

डिंक_आणि_धूळ

डेथवॉच बीटल. ओलसर, बुरशी धरलेला जुना ओक त्याचा आवडता. अळी आत कित्येक वर्षं राहते, बाहेरून काही कळत नाही. बाहेर पडताना भुंगा डोकं लाकडावर आपटून टकटक करतो, जोडीदाराला बोलावण्यासाठी. रात्री आजाऱ्याच्या उशाशी जागणाऱ्यांना ती टकटक ऐकू यायची, म्हणून असं नाव पडलं. उपाय एकच: गळती थांबवा, लाकूड कोरडं ठेवा. औषध मारण्यापेक्षा पन्हाळी साफ करणं जास्त उपयोगाचं.

दुसरे भाडेकरू वटवाघळं. १९८१ च्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे, हुसकावता येत नाही. मूत्राने पितळ आणि रंग खराब होतात. रविवारी प्रार्थनेआधी बाक पुसणाऱ्या आजीबाईंना विचारा वटवाघळांबद्दल काय वाटतं ते.

मुळा_काठ

मग ते खरवडलेले चेहरे पुन्हा का रंगवत नाहीत? आपल्याकडे मूर्ती झिजली की वज्रलेप करतात. पूजेतली वस्तू आहे, संग्रहालयातली नाही. चर्चही चालू आहे. मग अर्धवट चेहऱ्यासमोर कशाला बसायचं?

डिंक_आणि_धूळ

वज्रलेपावरून आपल्याकडे तरी एकमत कुठे आहे! कोर्टापर्यंत जातं प्रकरण.

इथे फरक असा की त्या संतांची पूजा आता कुणी करत नाही. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये पडदा म्हणजे पडदा. नवा चेहरा कुणाच्या श्रद्धेसाठी रंगवायचा? आणि काय रंगवायचं? मूळ चेहरा कसा होता ते कुणालाच माहीत नाही. शिवाय खरवडणं हाही आता त्या फळीचा इतिहास आहे. मी तिथे सुट्टा पडणारा रंग चिकटवते, धूळ काढते, थांबते.

मुळा_काठ

पटलं नाही. फोडणाऱ्याची खूण जपायची आणि करणाऱ्याची जाऊ द्यायची, हा कुठला न्याय? पण तुमचं काम तुम्हाला जास्त कळतं, गप्प बसतो.

शंकासुर

गप्प बसू नका, मी तुमच्या बाजूने आहे. पहिल्यांदाच.

मडगांवकार

अवांतर. आमच्या गोव्यात काही जुन्या चर्चमध्ये प्रवचनाच्या लाकडी मंचाखाली नागिणींसारख्या आकृत्या कोरलेल्या आहेत, वरचा भार पेलणाऱ्या. काम इथल्याच कारागिरांच्या हातचं. तेव्हा चर्चमध्ये भलतंसलतं कोरायचं म्हटल्यावर मला काही आश्चर्य वाटलं नाही. सुताराला कोपरा मिळाला की तो आपलं काहीतरी घालणारच.

कुलाबा_कॉर्नर

मुंबईकरांनी लांब जायची गरज नाही. कुलाब्याचं अफगाण चर्च १८५८ चं. आतला पडदा आणि बाक विल्यम बटरफील्ड या इंग्लिश वास्तुकाराच्या आराखड्याचे, म्हणजे मध्ययुगीन नमुन्यांची एकोणिसाव्या शतकातली आवृत्ती. बाकांना बंदुका टेकवायला खाचा आहेत, कारण बसणारे सैनिक. सफोकच्या बाकावर पापं, आमच्या बाकावर बंदुका.

टवाळ_टोपी

कॉर्नरभाऊ, त्यातलं पाप कुठलं ते आम्हीच ठरवायचं का?

नॉरिचकर

दुसरा प्रश्न राहूनच गेला, पापं बाकावर कशाला. माझं वाचन असं: पडद्यावर, वेदीजवळ काय असावं याचे नियम कडक. बाकाचं टोक किंवा खुर्चीची खालची बाजू ही मोकळी जागा. श्रॉपशरमधल्या लडलोच्या चर्चला जा. वेदीजवळच्या बसण्याच्या जागा उचलता येतात, खाली छोटा टेका असतो. लांब प्रार्थनेत उभं राहून पाय दुखले की पाद्री त्यावर टेकायचा, दिसायला उभाच. त्या टेक्याखाली कोरीव काम, अशी २८ आहेत. एकात माप मारणाऱ्या बिअरवालीला सैतान खांद्यावर टाकून नरकाच्या जबड्याकडे नेतोय, हातात तिचं ते मापाचं भांडं, एक सैतान मशकवाद्य वाजवतोय आणि एक तिच्या पापांची यादी वाचतोय. बाजारात रोज फसवले जाणारे लोक तिथे हसत असतील याची मला खात्री आहे.

सॉमरसेटमधल्या ब्रेंट नॉलच्या बाकांवर कोल्हा मठाधिपतीचा वेश घालून प्रवचन देतो आणि शेवटी हंसच त्याला फासावर चढवतात. तिथे बसून तुम्ही कुणाचं प्रवचन ऐकताय? बोचरं आहे की नाही?

इतिहासाची_वही

नॉरिचकर, इथे थोडं वेगळं मत. "मोकळी जागा म्हणून थट्टा" हे निम्मं खरं. ब्लाइथबराच्या पापांमध्ये थट्टेपेक्षा शिकवण जास्त दिसते. पाप कबूल करायच्या आधी माणसाने सातही पापांची उजळणी करायची असा त्या काळचा रिवाज. अक्षर न येणाऱ्याला आकृती लक्षात राहते. हात ठेवायला जावं तर हाताखाली खादाड.

आणि ढोंग उघडं करणं हेही शिकवणच होती. वेनहॅस्टन बघा, ब्लाइथबरापासून अगदी जवळ. तिथे लाकडी फळ्यांवर अखेरच्या न्यायाचं मोठं चित्र आहे. राजा, राणी, बिशप, कार्डिनल, सगळे उघडेनागडे, डोक्यावर फक्त आपापला मुकुट नाहीतर टोपी! धर्मसुधारणेत त्यावर चुना फासला. १८९२ मध्ये दुरुस्तीसाठी फळ्या काढून चर्चच्या आवारात टाकल्या, निरुपयोगी म्हणून. रात्री पाऊस आला, चुना धुपला आणि सकाळी खालून चित्र. क्रूस आणि दोन मूर्ती जिथे ठोकलेल्या होत्या तिथे रंगच नाही, त्यांच्या आकाराच्या कोऱ्या जागा राहिल्यात. त्या मूर्ती आता कुठेच नाहीत, पण त्यांची मापं घ्या हवी तर.

सुगरण_साधना

अगं बाई! म्हणजे चुना फासणाऱ्यानेच वाचवलं म्हणायचं.

रंधा_मास्तर

मी म्हणतो अफोर्डचं पण सांगा कुणीतरी. सुतार म्हणून मला त्याचं सगळ्यात अप्रूप.

डिंक_आणि_धूळ

मास्तर, घ्या. सफोकमधल्या अफोर्ड गावात बाप्तिस्म्याच्या कुंडावरचं लाकडी झाकण. १२३६ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपने कुंडं झाकून कुलपात ठेवा असा नियम केला होता, मंतरलेलं पाणी जादूटोण्यासाठी चोरीला जाऊ नये म्हणून. तेव्हा साधी फळी पुरत होती. पंधराव्या शतकात अफोर्डकरांनी त्याचा सुमारे १८ फूट उंच मनोरा केला, टोकाला आपली छाती चोचीने फोडून पिलांना रक्त पाजणारा पेलिकन. आणि खालचा भाग वरच्या भागावर सरकून वर चढतो, त्यामुळे कुंड उघडताना अख्खा मनोरा हलवावा लागत नाही.

डाउझिंग तिथे जानेवारी १६४४ मध्ये येऊन गेला होता. ऑगस्टमध्ये पुन्हा आला तर गावकऱ्यांनी दोन तासांवर चर्चच्या बाहेर ताटकळत ठेवलं, किल्ली देईनात. आत गेल्यावर त्याने झाकणाची नोंद पोपच्या तिहेरी मुकुटासारखं, सोन्याने मढवलेलं अशी केली. फोडलं नाही. का, ते त्याने लिहिलेलं नाही.

शंकासुर

दोन तास उन्हात उभा राहून दमला असेल.

मेघना_सफोककर

सगळ्यांचे आभार! एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. फोटो रविवारी टाकते. ब्लाइथबरा, वेनहॅस्टन आणि साउथवोल्ड एका दिवसात होतील ना? सासूबाई आहेत बरोबर, गुडघ्यांचा त्रास आहे.

नॉरिचकर

गाडी असेल तर आरामात. तिन्ही एकमेकांच्या जवळ आहेत. दुर्बीण नक्की न्या, छपरातलं काम साध्या डोळ्यांना अर्धंही दिसत नाही. साउथवोल्डमध्ये चिलखत घातलेला लाकडी शिपाई आहे, पंधराव्या शतकातला, तो प्रार्थना सुरू होताना घंटेवर घाव घालतो. तसाच एक ब्लाइथबरालाही आहे. आणि सासूबाईंना बाकावर बसवा, वर बघायला मान तरी टेकवता येईल. फक्त कोरीव आकृतीला धरून उठू नका म्हणावं, हाताच्या घामाने लाकूड काळं पडतं.

टवाळ_टोपी

सासूबाईंना कुठल्या पापाशेजारी बसवणार ते आधी ठरवा. मी सुचवणार नाही.